पणजोबांचा पत्ता काय?

घराण्याचा इतिहास फक्त सरदारांचाच असतो असं कुणी सांगितलं? एक सातबारा, एक जुना नकाशा आणि थोडी चिकाटी असली, तर चाळीतल्या खोलीपासून पार एकोणिसाव्या शतकापर्यंत पोचता येतं. फक्त प्रश्न नीट विचारायला हवा!

स्वतःचं नाव गूगलवर टाकून कधी बघितलंय? लाजू नका, सगळेच बघतात. आता जरा पणजोबांचं नाव टाका. काहीच नाही ना? बरं, मुळात नाव तरी आठवलं का? लंच टाइमला कँटीनमध्ये हा प्रश्न टाकून बघा. १९८३च्या वर्ल्ड कप टीममधले अकराच्या अकरा प्लेअर घडाघडा सांगणारा पोरगा इथे 'अं... रामचंद्र का रघुनाथ... थांब, बाबांना फोन करतो' म्हणतो. आणि पणजीचं नाव विचारलंत, तर बाबांना फोन करूनही उपयोग होत नाही.

गंमत म्हणजे ही नावं बऱ्याचदा कुठे ना कुठे लिहिलेली असतात. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, गिरणीच्या हजेरीपटावर. ती हुडकायला इतिहासात एम.ए. करावं लागत नाही. चार-सहा वीकेंड, एक-दोन रजा आणि बरा कॅमेरा असलेला मोबाइल एवढ्यावर पुष्कळ काम होतं. पण बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात. 'आमचा मूळ पुरुष कोण?', 'पानिपतावर आमचं कुणी होतं का?' सगळ्यांनाच सरदार हवेत! बॉस, पानिपतावर बाजारबुणगेही होते आणि तेही कुणाचे तरी पूर्वजच होते.

त्यापेक्षा उपयोगाचा प्रश्न अगदी साधा आहे. माझ्या पणजोबांकडून पैसे कोण वसूल करत होतं?

वसुलीचा फंडा

जरा विचार करा. कुठल्याही सरकारने तुमच्या खापरपणजोबांची आठवण राहावी म्हणून कागद काळे केलेले नाहीत. सारा भरतोय का, घरपट्टी थकली का, इनाम म्हणून सांगतोय ती जमीन खरंच इनाम आहे का, हे कळावं म्हणून लिहिलं. माणसं त्या कागदांत सापडतात ती वाटेत आल्यामुळे!

पुण्याचं पेशवे दफ्तर घ्या. रुमालात बांधलेली सुमारे ३९ हजार गाठोडी, बहुतेक सगळी मोडीत. हा खजिना इतका नीट जपला गेला त्याचं एक मोठं कारण इतिहासाचं प्रेम हे नव्हतं. पेशवाई १८१८मध्ये संपली आणि इंग्रजांपुढे प्रश्न आला, की सारा न भरता इनाम जमिनी खाणारे हे हजारो लोक खरे कोण आणि खोटे कोण? त्यासाठी इनाम कमिशन बसलं, १८५२मध्ये कायदा झाला आणि जुन्या कागदांना एकदम भाव आला. दफ्तरासाठी पुण्यात खास इमारत उठली ती १८९१च्या सुमारास, आणि तिचं नाव 'एलिएनेशन ऑफिस'. म्हणजे सरकारच्या वसुलीतून बाहेर गेलेल्या जमिनींचं ऑफिस! पुढे १९३०च्या दशकात गो. स. सरदेसाईंनी याच दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आज इतिहास म्हणून जे वाचतो, ते आधी हिशेबाचं बाड होतं.

तुमच्या बिल्डरने एनए प्लॉटच्या ब्रोशरमध्ये लिहिलेला 'गुंठा' तरी कुठून आला? इंग्रजी मोजणीदारांची साखळी ३३ फुटांची होती. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी आणि सारा-आकारणी नव्याने बसवली, तिच्याच पद्धतीने पुढे मुंबई इलाख्यातल्या गावागावांत साखळी फिरली. शेताचा सर्व्हे नंबर, त्याचं टिपण म्हणजे मापं घातलेला कच्चा नकाशा, गावाचा नकाशा, हे सगळं त्या खटाटोपातून आलं. टिपण बघायला मिळालं तर जरूर बघा. कुणाच्या तरी बांधावर उभं राहून कुणीतरी आकडे टाकलेत, हे दिसतं आणि उगाचच अंगावर काटा येतो.

एकुमॅ आणि अपाक

आता कामाचं. गावाकडे जमीन असेल किंवा कधीकाळी होती असं नुसतं ऐकलं असेल, तरी सातबारा हा सर्वांत सोपा दरवाजा आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र, म्हणून सातबारा. महाभूलेखवर तो घरबसल्या दिसतो. पण आज दिसतो तो आजचा. तुम्हाला हवेत ते मागचे.

सातबाऱ्यावर नावांजवळ गोलात काही आकडे असतात. बरेच जण तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. खरी चावी तीच! प्रत्येक गोल म्हणजे एक फेरफार नंबर. जमीन विकली, कुणी वारलं, वाटणी झाली, बोजा चढला, की गाव नमुना सहामध्ये नोंद होते आणि तिचा नंबर सातबाऱ्यावर येतो. एक गोल धरायचा, तो फेरफार काढायचा, त्यात आधीच्या मालकाचं नाव सापडतं, मग त्याच्या वेळचा सातबारा, त्यावरचे गोल... असं मागे मागे जात राहायचं. हक्कनोंदणीची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९१३च्या सुमारास घट्ट बसली, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात नशीब चांगलं असेल तर शंभर वर्षं मागे जाता येतं. मराठवाड्याचं गणित वेगळं. तिथे निजामाचं राज्य होतं, तेव्हा १९५४चं खासरा पत्रक हा मोठा टप्पा आणि त्यामागे उर्दू. विदर्भात १९५४च्याच सुमाराचा अधिकार अभिलेख मागायचा.

हे जुने फेरफार आणि हस्तलिखित सातबारे स्कॅन करून 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर टप्प्याटप्प्याने टाकले गेलेत. जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडायचा, थोडी फी भरली की प्रत मिळते. तिथे नसेल तर तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम, नकलेचा अर्ज आणि 'पुढच्या आठवड्यात या'.

हातात कागद आला की पहिल्यांदा डोकं आउट होतं. 'एकुमॅ रामचंद्र' हे काय प्रकरण? एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. होय, मॅनेजर! तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर छापून येण्याआधी कितीतरी वर्षं तुमचे पणजोबा मॅनेजर होते. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'नावाला कंस केला' म्हणजे ते नाव कमी झालं. आणि 'अपाक' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर गेला, पोरं लहान, तर नोंदीत मुलांच्या नावापुढे 'अपाक आई' असं लिहून त्या बाईचं नाव येतं.

इथे जरा थांबा, कारण या सगळ्या उद्योगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. या कागदांत बायका फार कमी वेळा येतात. छापील कुलवृत्तांत उघडलात तर जुन्या बहुतेकांत मुलीच्या नावापाशी रेघ संपते. ती सासरी गेली, विषय संपला. महसुलाच्या कागदात मात्र ती अधूनमधून दिसते, आणि दिसते ती नेमकी कुणीतरी गेल्यावर. नवरा गेला म्हणून अपाक आई. बाप गेला म्हणून वारस. १९५६चा हिंदू वारसा कायदा आल्यावर तर वारसाच्या फेरफारात मुलींची नावं रीतसर यायला लागली. अमकी, वय इतकं, नातं मुलगी, राहणार सासरचं गाव. आणि पुष्कळदा लगेच पुढचा फेरफार: बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला. खाली सही नाही, अंगठा. त्याहून जुन्या कागदांत तर शेतकऱ्याची निशाणी नांगर आणि बाईची निशाणी बांगडी. एक गोल काढलेला असतो, बस्स.

म्हणजे आजीच्या नणंदेचं नाव आणि सासरचं गाव तुम्हाला कुठे सापडणार, तर तिने हक्क सोडला त्या कागदावर. २००५च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार झाली, हे आज आपण भाषणात टाळ्या घेत सांगतो. पण तो कागद हातात धरला की टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत.

आणखी एक टिप: १ एप्रिल १९५७ ही तारीख लक्षात ठेवा. कूळ कायद्याखाली हा कृषक दिन. कसणारं कूळ त्या दिवशी कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. त्याच्या आसपासच्या आणि नंतरच्या फेरफारांत अशी असंख्य नावं आहेत, जी त्याआधीच्या कागदांत मालक म्हणून कधी आलीच नव्हती. तुमचं घराणं जमीनदाराचं नसेल, कुळाचं असेल, तर तुमची गोष्ट कदाचित इथेच सुरू होते.

पण आम्ही तर भाडेकरू!

मुंबईकर इथपर्यंत वाचून म्हणणार, आमचं काय? आमच्या तीन पिढ्या दहा बाय बाराच्या खोलीत गेल्या, जमीन फक्त कुंडीत! खरंय. प्रॉपर्टी कार्डवर मालक येतो, भाडेकरू येत नाही. मग पुन्हा तोच प्रश्न. वसुली कोण करत होतं?

घरमालक. म्हणून भाडेपावत्या, ज्या पागडीच्या भीतीने आजोबांनी जिवापाड जपल्या. शाळा. म्हणून जनरल रजिस्टर, ज्यात मुलाचं जन्मगाव, बापाचं नाव, जात, आधीची शाळा असते आणि ज्याचा नंबर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेला असतो. गावकरी मंडळ. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांच्या लालबाग-परळला सामायिक खोल्या होत्या. वीस-वीस माणसं एका खोलीत पाळीपाळीने झोपायची आणि वर्गणीची वही असायची. ही वही कुठल्याही पुराभिलेखागारात मिळणार नाही, मंडळाच्या खजिनदाराच्या कपाटात मिळेल. आणि अर्थातच गिरणी. इथे वसुली नव्हे, पगार, पण पैसा आला की कागद आला! तिकीट नंबर, हजेरी कार्ड, ईएसआयचं कार्ड, पी.एफ.ची स्लिप. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी जेव्हा १ जानेवारी १९८२ला कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा ज्या घरात ते चिटोरं ट्रंकेत राहिलं होतं त्या घराला अर्ज करता आला. 'जुने कागद काय चाटायचेत' म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

शहरात खरी मजा नकाशाची. मुंबई बेटाची पहिली मोठी तपशीलवार मोजणी कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केली. तिचा वचक असा, की जुन्या खरेदीखतांत अजून 'लॉटन सर्व्हे नंबर' असं लिहिलेलं सापडतं. पुढच्या सर्व्हेतून आजचा सी.एस. नंबर आला. तुमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटच्या नोटिशीवर तो असतो, 'गिरगाव डिव्हिजन' किंवा 'परळ-शिवडी डिव्हिजन' अशा शेपटासकट. ती नोटीस फेकू नका. जुन्या नकाशापर्यंत नेणारा तो धागा आहे.

कारण नुसत्या पत्त्याचा भरवसा नाही. आजोबांच्या पत्रावर 'व्हिन्सेंट रोड' असेल, तो आजचा आंबेडकर रोड. प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामलदास गांधी मार्ग, हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी रोड, लॅमिंग्टन रोड म्हणजे भडकमकर मार्ग (टॅक्सीवाल्याला मात्र लॅमिंग्टनच सांगा). रस्त्यांची नावं कशी पडली यावर सॅम्युएल शेपर्डचं १९१७चं एक पुस्तक आहे, मुंबईतल्या गल्ल्यांचा अक्षरशः शब्दकोशच. कॉपीराइट संपल्यामुळे नेटवर फुकट मिळतं. घर सापडलंच नाही, गल्लीच गायब असेल, तर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आठवा. १८९६ला प्लेग आला, १८९८ला हा ट्रस्ट झाला आणि त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते सरळ आरपार काढले. दादर-माटुंग्याचे आखीव ब्लॉक्सही त्याचेच. त्यामुळे तुमच्या खापरपणजोबांची चाळ आज फूटपाथच्या खाली असू शकते!

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा तर गूगल अर्थच्या डेस्कटॉप व्हर्जनमध्ये 'इमेज ओव्हरले' म्हणून सोय आहे. जुन्या नकाशाचा फोटो टाकायचा, ताणायचा, फिरवायचा, मग ट्रान्सपरन्सी कमी-जास्त करत बसायचं. जुळवायला न हलणाऱ्या तीन गोष्टी शोधा. देऊळ किंवा चर्च, रेल्वेची लाइन, किल्ल्याचा कोपरा. तलावांवर विसंबू नका. धोबी तलाव, गोवालिया टँक, नावं राहिली आणि पाणी गेलं. रात्री अकराला सुरू केलंत तर दोन कधी वाजले कळणार नाही.

पाण्याखालचं गाव

आमच्या ऑफिसात एक मैत्रीण आहे. जन्म लालबागचा, आजोबा गिरणीत, चाळ रीडेव्हलपमेंटला निघालेली. पोटमाळा रिकामा करताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत आजोबांचं गिरणीचं कार्ड, दोन रेशनकार्डं आणि शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर गाव होतं ते तिने कधी पाहिलेलं नव्हतं. घरातले 'गावी' म्हणून ज्या गावाला जायचे, ते पुनर्वसनाचं. मूळ गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर भरला आणि कोयनेच्या खोऱ्यातली कित्येक गावं उठली. माणसं सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी विखुरली. एका गावातली दोन घरं दोन जिल्ह्यांत. तेव्हा घरोघरी फोन नव्हते आणि पत्र लिहिणाऱ्याला नवा पत्ता माहीत असायला हवा!

तिने आधी नकाशा शोधला. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराचे भारताचे जुने नकाशे केव्हाच नेटवर टाकलेत. १९५०च्या दशकातले, अडीच लाखाला एक या स्केलचे, आपल्याच सर्व्हे ऑफ इंडियाच्या कामावर बेतलेले. धरणाआधीचे. इंग्रजी स्पेलिंग गोऱ्या साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते, म्हणून गावाचं नाव मोठ्याने म्हणत म्हणत शोधावं लागतं. सापडलं. नदीच्या वळणावर एक ठिपका. तिने तो सॅटेलाइट नकाशावर बसवला तर सगळीकडे निळं. तिने प्रिंट काढून वडिलांना दिलं. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, नदी अशी वळायची तिथे आमचं खळं होतं.

मग तालुक्याच्या ठिकाणी तीन खेपा. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा गठ्ठा होता, पण चावी नव्हती. तिसऱ्यांदा फेरफार निघाला. पणजोबा वारल्याचा, १९५८चा. वारस म्हणून बायको, दोन मुलगे आणि दोन मुली. घरात सगळ्यांना आजोबांची एकच बहीण ठाऊक होती. दुसरीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि शेजारचं गाव. तेही पाण्याखालचंच.

इथे वसुलीचा फंडा उलटा चालला. धरणासाठी जमीन घेतली म्हणजे सरकारला मोबदला द्यायचा होता आणि द्यायचा म्हणजे पुन्हा यादी! भूसंपादनाच्या निवाड्यात खातेदारांची नावं, क्षेत्र आणि रक्कम असते. शेजारच्या गावाच्या निवाड्यात त्या नवऱ्याचं नाव मिळालं, आणि ते गाव कुठे बसवलं हे पुनर्वसनाच्या कागदांतून कळलं. दुसरा जिल्हा, लालबागपासून एसटीने अर्ध्या दिवसाची वाट. तिने तिथल्या ग्रामपंचायतीत फोन लावला. ज्याने उचलला त्याने शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावलं. तिने नाव सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, 'ती माझी आई. तू कोण बोलतेस बाळ?'

आजी, म्हणजे तिच्या आजोबांची धाकटी बहीण, काही वर्षांपूर्वीच गेली होती. भाऊ मुंबईला आहे, गिरणीत आहे, एवढंच ती सांगायची म्हणे. कुठल्या गिरणीत ते तिला माहीत नव्हतं.

कोयना काही एकटी नाही. मुळशी, जायकवाडी, उजनी, प्रत्येक धरणाखाली अशी गावं आहेत. उजनीचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि पुण्याहून बाइक घेऊन लोक फोटो काढायला जातात. सॉलिड फोटो येतात, नो डाउट. तिथे कुणाची घरं होती याची यादी मात्र कचेरीत पडून आहे. आणि पुण्यातल्या पेठकरांना वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा घरातले कागद वाहून गेले, अशी किती घरं! त्यांच्यासाठी सरकारी प्रत हीच एक प्रत उरली.

निघण्याआधी

पहिली खबरदारी: काकांना आधी फोन करा. 'शहरातला पोरगा जमिनीचे कागद काढतोय' ही बातमी तलाठी कार्यालयातून (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच) तुम्ही एसटी स्टँडवर पोचायच्या आत घरी पोचते. मग चहाला साखर कमी पडते. सरळ सांगा, 'काका, मला हिस्सा नको, नावं हवीत.' खरंच हिस्सा हवा असेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी वकील गाठा आणि हे मॅगझिन मिटवा.

दुसरी अडचण मोडीची. १९५०च्या दशकापर्यंतचे कित्येक कागद मोडीत आहेत. हात न उचलता भराभर लिहायची लिपी, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाजाने अर्थ लावावा लागतो. जातीच्या दाखल्यांसाठी २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या नोंदींची तपासणी सुरू झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम डिमांड आली. त्यांच्या मागे लागण्यापेक्षा स्वतः शिका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. साल्सा क्लासपेक्षा स्वस्त आणि गुडघे दुखत नाहीत!

सनांचाही घोळ होतो. शके असेल तर साधारण ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, शुहूर असेल तर ५९९. वर्षाच्या कुठल्या महिन्याचा कागद आहे त्यावर एखादं वर्ष इकडे-तिकडे होतं.

मुंबईचं पुराभिलेखागार हे १८२१पासूनचं, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत वर्षानुवर्षं बसलेलं. तिथे किंवा पुण्याला जायचं तर आधी फोन करा, ओळखपत्र न्या, आणि 'माझ्या घराण्याबद्दल काय आहे?' असं विचारू नका. कुणालाच सांगता येणार नाही. गाव, तालुका, साधारण वर्ष आणि कुठल्या खात्याचा कागद असेल याचा अंदाज, एवढं घेऊन गेलात तर माणसं मनापासून मदत करतात. कोकणातून मॉरिशसला गेलेल्यांचे वंशज मोक्याच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जातात ते असंच. तिथल्या रजिस्टरांत मजुराचं गाव, बापाचं नाव, उंची, अंगावरच्या खुणा सगळं आहे. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून लिहिलेलं. आज कुणीतरी त्यावरून रत्नागिरीतलं आपलं गाव शोधतं.

आणि घरात आजी असेल, तर तहसील कचेरी पुढच्या आठवड्यात, आजी या रविवारी. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा. 'तुझ्या लहानपणीचं काही सांग' म्हणालात तर 'काय सांगायचं, चाललं होतं आपलं' एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचारा, माहेरच्या घराला दारं किती होती, पाणी कुठून आणायचात, कुणाच्या लग्नाला बैलगाडीने गेला होतात, आणि तुझ्या आत्यांची नावं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच कागदावर उतरवून घ्या.

नक्कल काढाल तेव्हा दोन काढा. एक काका ठेवून घेतील.